मिक्कलच्या बुटातलं गवत

आमच्या खोऱ्यात माणसाला काहीही विचारावं, दोन गोष्टी सोडून. तुझे रेनडिअर किती, हे विचारू नये, आणि बुटातलं गवत कुठून कापून आणलंस, हे तर मुळीच विचारू नये. पहिल्या प्रश्नाने माणूस रागावतो. दुसऱ्याला तो हसून, गोड आवाजात, साफ खोटं उत्तर देतो.

त्याचंही काही चुकत नाही म्हणा. भर हिवाळ्यात वर माळावर तितरांना फास लावायला जायचं तर दिवसभर पाय बर्फातच असतात. दुकानात आता रबरी बूट मिळतात, ते वसंतातल्या चिखलाला ठीक. थंडीत ते घालून जाणारा संध्याकाळी शेकोटीपाशी आपली बोटं मोजत बसतो. आपले कातड्याचे केसाळ बूट आणि आत पाणगवत, मोजे नाहीत, काही नाही, यासारखं सुख नाही. पण गवत नीट हवं. ऑगस्टात वेळेवर कापलेलं, दगडावर कुटून मऊ केलेलं, पिळून चुंबळीसारखं गोल वळून ठेवलेलं.

आणि गवत म्हटलं की एल्लेचं. तिच्या गवतात पाय घातला की पोटातसुद्धा ऊब जाते. ते ती कुठल्या ओढ्याकाठी कापते हे अख्ख्या खोऱ्यात कुणालाच ठाऊक नाही. एका ऑगस्टात दुकानदाराचा भाऊ तिच्या मागे मागे लपत गेला. तिने त्याला तीन तास दलदलीत फिरवलं आणि परत त्याच्याच दारात आणून सोडलं. त्याचा एक बूट दलदलीतच राहिला होता. “दुसरा कुठे रे?” असं तिने वर त्याला विचारलं!

या एल्लेकडून दरवर्षी गवत मिळणारा माणूस एकच, माझा थोरला भाऊ मिक्कल. वय एकसष्ट, लग्न नाही, आणि बोलणं असं, की प्रत्येक शब्दाला सरकारी परवाना लागतो की काय असं वाटावं. एल्लेचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. त्या शरद ऋतूपासून पहिलं हिव पडलं की मिक्कल दाढी करतो, तिच्याकडे जातो, दोन कप कॉफी पितो, “यंदा गारठा आहे,” एवढं म्हणतो आणि बारा चुंबळी घेऊन घरी येतो. नाताळात तितरांची एक जोडी तिच्या दारात टांगून येतो. दार न ठोठावता! ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ते याच्याकडून शिकावं.

“अरे, काहीतरी बोल तिच्याशी,” मी दरवर्षी म्हणायचे.

“बोललो की.”

“काय बोललास?”

“गारठा आहे म्हणालो.”

यंदाच्या शरदात मात्र तो परत आला तो बारा चुंबळी खांद्यावर घेऊन अंगणातच उभा राहिला. मी गोठ्यातून बाहेर आले तरी तसाच.

“काय झालं?”

“ईस्टरला आन्ते येणार आहे. तिला आल्ताला घेऊन जायला. घर बांधलंय त्याने. विजेवर गरम होतं.” त्याच्या मानाने हे भाषणच होतं. “ही शेवटची, म्हणाली.”

आन्ते हा एल्लेचा मुलगा, आल्ता शहरात कामाला. चांगला आहे पोरगा, आईवर माया करतो. त्या दिवशी मात्र मला तो अजिबात आवडला नाही.

“मग तू काय म्हणालास?”

“हं म्हणालो.”

मला इतका संताप आला की मी दुधाची बादली आपटली, आणि ती भरलेली होती. ईस्टरला आमच्याकडे लग्नं लागतात. सगळं खोरं चर्चपाशी जमतं, वर्षभरात जुळलेल्या जोड्या एकामागोमाग एक उभ्या राहतात. आणि त्याच दिवशी माझा भाऊ हात खिशात घालून एल्लेची स्लेज आल्ताच्या वाटेला लागलेली बघणार होता. पाच महिने होते हातात. या पाच महिन्यांत तो बोलला नाही तर पुढे कधीच बोलणार नाही, हे मला दिसत होतं. बोललं मात्र त्यानेच पाहिजे. मी मध्ये पडले असते तर जन्मभर म्हणाला असता, “रिस्तेनने लावून दिलं.”

पाचातले तीन गेले. फेब्रुवारी आला, दोन महिने बुडालेला सूर्य परत आला, आणि आम्ही दोघं माळावर फास तपासत होतो. मी विधवा झाल्यापासून त्याच्याबरोबर जाते, माझा हात त्याच्यापेक्षा हलका आहे. त्या दिवशी नऊ तितर मिळाले. कोल्ह्याने दोन आधीच खाल्ले होते, त्याच्या नावाने मी शिव्या घातल्या. मागे वळून बघते तर मिक्कल पाय आपटतोय.

मी साठ वर्षं या माणसाला ओळखते. तो पाय आपटत नाही. पाय आपटणाऱ्यांना हसतो तो.

“गार पडलेत?”

“नाही.”

पुढच्या झुडपापाशी पुन्हा आपटले. त्याच्या पुढच्या झुडपापाशी तो स्कीवरच नाचायला लागला. आणि मग नाचायचा थांबला, ते जास्त वाईट. पाय दुखायचे थांबले की समजावं.

“बोटं कळतायत का तुला?”

“वय झालं, रिस्तेन.”

“वय पायात येत नाही, डोक्यात येतं. चल खोपटात!”

मातीच्या खोपटात मी चूल पेटवली आणि त्याला खाली बसवून बुटांच्या पट्ट्या सोडल्या. तो पाय मागे घेत होता, मी ओढत होते. डाव्या पायाची तीन बोटं मेणासारखी पांढरी. मी अंगरखा वर केला आणि तो पाय सरळ आपल्या पोटावर घेतला. गोठलेल्या पायाला दुसरा इलाज नसतो. साठी उलटलेला भाऊ, त्याची टाच माझ्या बेंबीवर, आणि मी थंडीने किंचाळतेय. आई असती तर हसून हसून लोळली असती.

पाय पोटावर ठेवूनच मी बुटात हात घातला. बाहेर आलं ते जाड, काटेरी, वाळकं गवत.

“मिक्कल! हे माझ्या गाईचं गवत आहे!”

“थोडंच घेतलं.”

“एल्लेचं कुठे गेलं?”

“घरी आहे.”

“किती उरलंय?”

तो चुलीकडे बघत राहिला. “बारा.”

“बाराच्या बारा? अरे, मग घालत का नाहीस?”

 बोटांत जीव परत यायला लागला होता, तेव्हा फार दुखतं, आणि त्याचे डोळे भरले होते ते त्यानेच असावेत.

“संपेल ना,” तो म्हणाला.

 या माणसाने बारा चुंबळी भिंतीवर टांगून ठेवल्या होत्या आणि तो गाईचा चारा बुटात भरून उणे पस्तीसमध्ये हिंडत होता. मला त्याला मारावंसं वाटलं आणि कुशीतही घ्यावंसं वाटलं. त्याचा पाय तसाही माझ्या कुशीतच होता.

पाय हलायला लागल्यावर आम्ही उतरलो. खाली पहिलं घर एल्लेचं.

“तिथे नको,” मिक्कल म्हणाला.

“मग बोटं काढून घ्यायला डॉक्टरकडे जाऊ या. तो एकशे वीस किलोमीटरवर आहे.”

एल्ले दारातच होती. पाय ओढत येणाऱ्या मिक्कलला बघून तिने काही विचारलं नाही, त्याला चुलीजवळ बसवलं, बूट काढले, बोटं दाबून बघितली. “राहतील,” म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. मग तिने बूट उलटा केला आणि गवत जमिनीवर पडलं.

तिने ते उचललं. बोटांत चोळलं. वास घेतला. तिचं नाक लाल व्हायला लागलं.

“कुणाचं आहे हे?”

मिक्कलने उघडे पाय मागे ओढले.

“नदीपलीकडच्या सुन्नाचं? तिला साधा विळा धरता येत नाही! हे गवत आहे? याने घोडासुद्धा शिंकेल!”

गाय, घोडा नाही, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी मूग गिळून बसले. आयुष्यात एवढं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही. मी कपातल्या कॉफीत, आमच्याकडे घालतात तसे, चीजचे तुकडे टाकले आणि ते मऊ होताना बघत राहिले.

“बोल की! माझं गवत वाईट झालं?”

“नाही.”

“मग?”

मिक्कलने खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आता हा “गारठा आहे” म्हणाला तर चुलीजवळच्या लाकडानेच याला बडवते.

एल्लेचा राग जसा चढला होता तसाच उतरला. ती त्याच्यासमोर स्टुलावर बसली. “पुरलं नसेल तुला. माझीच चूक आहे. ऐक. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून तुलाच सांगते. मी गेल्यावर तुझं तू कापत जा. दलदल ओलांडलीस ना, की दोन बर्चची झाडं एकत्र वाढलीत, तिथून डाव्या हाताला...”

आणि मिक्कलने दोन्ही हातांनी कान झाकले.

खोऱ्यातले निम्मे लोक या माहितीसाठी एक धष्टपुष्ट रेनडिअर देतील, आणि हा कान झाकून बसला!

“सांगू नकोस!” तो ओरडला. त्याला ओरडता येतं हे मला तेव्हा कळलं.

“का?”

“मला कापता येत नाही.”

“येईल की.”

“मला कापायचंच नाही! जागा सांगितलीस की सगळं संपलं, मग तू निघालीस!” कान झाकलेले असल्यामुळे तो अजूनच मोठ्याने बोलत होता, तिचं ऐकू येत नव्हतं त्याला. “बारा चुंबळी भिंतीवर आहेत. एकीलाही हात लावला नाही मी. अकरा वर्षं मी काय गवतासाठी येत होतो, एल्ले? मला तुझं गवत नको. मला तू हवीस!”

चुलीवरची कॉफी उतू गेली. गेली तर गेली.

एल्लेने उठून त्याचे हात कानांवरून काढले. तिचा चेहरा कसा झाला होता ते मला सांगता येणार नाही, पण आवाज चांगलाच तापलेला होता.

“शिकारीला हिवाळाभर किती चुंबळी लागतात रे?”

“बारा.”

“वीस लागतात! शेंबड्या पोरालाही माहीत आहे वीस लागतात. मी तुला बारा का देत होते?”

मिक्कलला कळेना. मला कळलं, आणि मी हातातलं फडकं तोंडावर दाबलं.

“फेब्रुवारीत संपावं म्हणून! संपलं की मागायला येशील म्हणून! अकरा वर्षं फेब्रुवारीत मी केक करून ठेवते. आणि तू!”

“मी रोज संध्याकाळी वाळवायचो,” मिक्कल हळूच म्हणाला. “चुलीपासून लांब. झटकून. म्हणजे जास्त टिकतं. म्हटलं, तुला त्रास नको.”

“त्रास नको,” एल्ले म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मी तर आधीच रडत होते, मला लपवायचं काही कारण नव्हतं.

मग ती आतल्या खोलीत गेली आणि एक चुंबळ घेऊन आली. खाली बसली. बूट झटकून गाईचा चारा शेवटच्या काडीपर्यंत काढला. गवत सोडवलं, बोटांनी विंचरलं, टाचेपाशी जाड, बोटांपाशी मऊ, असं गोल गोल बसवत गेली. आमच्याकडे बूट ज्याचा त्याने भरायचा असतो. लहान मुलाचा आई भरते. मोठ्या माणसाचा भरतेच कुणी, तर त्याची बायको.

मिक्कलला हे माहीत नव्हतं असं नाही.  तिने त्याचा पाय उचलून बुटात घातला, पट्टी घोट्याभोवती गुंडाळली, गाठ मारली. तो उठून उभा राहायला लागला. मला वाटलं, आता हा वेडा एक बूट घालून घरी जातो!

“बस,” एल्ले म्हणाली. “दुसरा पाय दे.”