काळा चौकोन

“सफूराकडे जरा जाऊन ये गं. हल्ली ती फारच ‘ठीक आहे’ म्हणते,” सुचित्राताई स्टाफरूममध्ये म्हणाल्या, तेव्हा सावनीने ते हसण्यावारी नेलं होतं.

“ताई, दर मंगळवारी ट्रेनिंगला भेटतो की आम्ही. माझ्याआधी लॉगिन झालेली असते ती.”

आखाती देशातल्या, अल् घुब्रा भागातल्या त्या अमेरिकी अभ्यासक्रमाच्या शाळेत यंदा सावनीला आणि सफूराला अमेरिकेचा इतिहास आणि नागरिकशास्त्र दिलं होतं. दोघींनाही ते कुणी कधी शिकवलेलं नव्हतं. “तू पुण्याची, मी रत्नागिरीची, आणि शिकवायचं फिलाडेल्फिया,” सफूरा म्हणाली होती. “यल्ला, चालू दे.” मग सफूराला मुलगा झाला, ती रजेवर गेली. पण या नव्या विषयांचं ऑनलाइन ट्रेनिंग चुकलं तर वर्ग दुसऱ्या कुणाकडे जाईल, या धास्तीने तिने ते काही सोडलं नाही.

सावनीचं तरी काय वेगळं होतं. शाळेतून आलं की भात टाकायचा, लेकीला भरवायचं आणि संध्याकाळी सहाला अमेरिकेतल्या सकाळी हजर व्हायचं. कॅमेरा बंद, माइक बंद, एका कानात इअरफोन. सगळ्याच जणी तशा. पडद्यावर नुसते काळे चौकोन आणि त्यांत नावं. नाव दिसलं की माणूस आहे, असं सावनी धरून चालायची. तिचं स्वतःचं नाव तिथे झळकत असताना ती बरेचदा बाथरूममध्ये लेकीचे पाय धूत असायची, हे मात्र तिच्या डोक्यात यायचं नाही.

त्या मंगळवारी शिकवणाऱ्या बाईंनी राज्यघटनेवर सह्या होतानाचं जुनं चित्र लावलं. तारखा नंतर सांगा, म्हणाल्या. आधी मुलांना विचारा, कोण दिसतंय, आणि कोण असायला हवं होतं पण नाही. मग जोड्या पाडल्या. सावनीच्या वाट्याला सफूराच आली.

“बरं झालं बाई. बायका नाहीत, गुलाम नाहीत, एवढं लिहू आणि सुटू,” सावनी म्हणाली.

सफूराच्या चौकोनावर माइक बंदच होता.

“सफूरा? माइक उघड ना.”

माइक उघडला. आधी बाळाचं रडणं आलं, लांबून, रडून रडून घसा बसलेलं. मग सफूराचा आवाज. “आहे मी. ठीक आहे.” आणि माइक पुन्हा बंद.

पडद्यावरचा प्रश्न तसाच होता. कोण असायला हवं होतं, पण नाही? सावनीने लेकीला उचललं, अल् खुवैरच्या ऑफिसात नवऱ्याला, सलीलला, फोन करून परस्पर अल् अमेरातला सफूराच्या घरी यायला सांगितलं आणि गाडी काढली. लॅपटॉप बंद करायचं राहूनच गेलं. घाटातून गाडी चालली होती तेव्हाही तिचं नाव ट्रेनिंगला हजर होतं.

सफूराने दार उघडायला बराच वेळ लावला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप बोलत होता.

“तू कशाला आलीस गो? हजेरी जाईल तुझी.”

“जाऊ दे. नुमान कुठाय?”

“आत. मी दार लावून घेतलंय.” सफूरा ओट्याला टेकून खाली बसली. “त्याला हातात घ्यायची भीती वाटते मला. माझ्या हातून काहीतरी होईल, असं वाटतं. म्हणून इथे बसते. इथे ती बाई तरी बोलत असते.”

“मुस्तफाभाईंना सांगितलंस?”

“तो तिकडे सोहारला, कामावर. गुरुवारी येतो घरी. रोज विचारतो फोनवर. ठीक आहे म्हणते.”

सावनी आत गेली. बाळ ओलं होतं, तापलेलं नव्हतं. त्याला छातीशी धरून तिने एका हाताने सफूराच्या नवऱ्याला, मुस्तफाला, फोन लावला. “भाई, आजच निघा. गुरुवारी नको.”

“नुमानला काही झालं?”

“नुमान बरा आहे. सफूरा बरी नाही.”

ओट्यावरून बाई विचारत होत्या, सफूरा आणि सावनी, तुम्हाला काय सापडलं?

दुसऱ्या दिवशी मुस्तफा सफूराला डॉक्टरांकडे घेऊन गेला. औषधं चालू आहेत. तिच्या वर्गाचं काय ते सुचित्राताई बघताहेत. सफूरा नुमानला घेते आता, शेजारी कुणी बसलं असेल तर.

तुमच्याही ओळखीत नुकतीच बाळंत झालेली, आपल्या माणसांपासून लांब, प्रत्येक मेसेजला ‘ठीक आहे’ पाठवणारी कुणी असेल. फोन नका करू, आज तिच्या दाराशी जाऊन या. बाळ कुठे आहे विचारा, आणि ती दिवसभर कुठे बसते, तेही विचारा.