बावन्न फुटांचं पाणी

पाणी मोजायचं यंत्र आलं आणि तलावातलं पाणी जायला लागलं, असं चकलांब्याच्या पारावर लोक हसून सांगत, आणि खरं म्हणजे हसण्यासारखंच होतं ते. भोई मंडळींच्या मच्छीमार सहकारी संस्थेला योजनेतून इंजिनाची होडी मिळाली, होडीत खोली दाखवणारं मीटर मिळालं, चेअरमन सुंदररावांनी थाटात नारळ फोडला, आणि त्यानंतर पावसानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. आता तलाव आक्रसून मधल्या डोहापुरता उरला होता. मासळी तडफडून मरायच्या आत काढून विकायची, तर कुठं किती पाणी शिल्लक आहे ते रोज कळायला हवं होतं. नेमकं तेव्हाच मीटर वेड्यासारखं बोलायला लागलं, म्हणून गेवराईच्या मैनुद्दीनला बोलावणं धाडलं.

मैनुद्दीन पंपाच्या मोटारी, टीव्ही, रेडिओ, जे पुढ्यात येईल ते दुरुस्त करी. बिघाडाला कारण असतंच, हा त्याचा धर्माच्या खालोखालचा विश्वास. होडी चालवणाऱ्या आश्रुबानं काय होतंय ते सांगितलं तेव्हा त्याला हसूच आलं. सगळीकडे मीटर चार फूट, सहा फूट असं बरोबर दाखवायचं. फक्त डोहाच्या एका जागी बावन्न दाखवायचं.

त्यानं आधी बॅटरी तपासली, मग वायरीच्या पिना घासून लख्ख केल्या. होडीच्या पोटाखाली बसवलेल्या सेन्सरवर शेवाळ धरलं होतं, ते खरवडून काढलं. उथळ पाण्यात मीटरनं खाली सोडलेला आवाज तळाला आपटून वर येतो, होडीला लागून पुन्हा खाली जातो आणि मीटर दुप्पट-तिप्पट आकडा दाखवतं, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं आवाजाच्या जोराचं सेटिंग पार खाली आणलं. मग दोघं होडी घेऊन निघाले. मीटर शहाण्यासारखं बोलू लागलं. पाच. सहा. सहा.

डोहात त्या जागी येताच आकडा एकेचाळीस झाला.

मैनुद्दीननं दोरीला दगड बांधून सोडला. सहा फुटांवर दगड चिखलात बसला. मीटरवर मात्र एकेचाळीसच.

"पैल्यांदा बावन्न होतं म्हणालात ना?"

"हां. रोज कमी व्हायलंय," आश्रुबा म्हणाला आणि त्यानं होडी काठाला लावली. दोरखंड गुंडाळता गुंडाळता मग खालच्या मानेनं म्हणाला, "माझा उत्तरेश्वर तितंच गेला, भाई. जाळं सोडवाया उडी मारली त्यानं. त्या दिशी तलाव भरलेला, याच मीटरवर बावन्न होतं. लई धुंडलं. गावलाच न्हाई."

पोटच्या पोराचं मरण असं आकड्यात सांगणाऱ्या बापाकडे मैनुद्दीनला बघवत नव्हतं.

काठावर आश्रुबाची बायको केशरबाई बसली होती. प्रेत मिळालं नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तेव्हा कुठं माणूस सुटतो, अशी रीत. पण केशरबाईनं पुतळ्याला हात लावू दिला नव्हता. माझं लेकरू असताना पानांचं जाळू कशाला, म्हणायची. सारा मुलूख आभाळाकडे डोळे लावून बसलेला, आणि ही बाई मात्र पाऊस पडू नये म्हणून देवाला साकडं घालत होती. पाणी आटलं की तळ दिसेल, तळ दिसला की तो दिसेल. बायका तिला अवदसा म्हणत, टँकरच्या रांगेत तिची घागर मागे सारत. ती कुणालाही उलटून बोलली नाही.

मीटरचा आकडा उतरतोय हे त्या दिवशी तिच्या कानावर पडलं, तेव्हापासून ती रोज होडीत बसायला लागली, जेवायलासुद्धा उठायची नाही.

मैनुद्दीन पुन्हा आला तो नवी वायर घेऊन. वायर बदलली, त्या जागी आकडा वीस. पुढच्या खेपेला सेन्सरच नवा बसवला. तोवर डोहात कमरेएवढंच पाणी राहिलं होतं, होडी जेमतेम तरंगत होती. आश्रुबानं त्याला बाजूला घेतलं.

"भाई, तुमी हे नादुरुस्त म्हणून काढून न्या. तिला तुमचं पटंल. उद्या पुतळा करू. न्हाईतर ही बाई बी जायाची माझ्या हातची."

मैनुद्दीननं मान डोलावली. एवढं तर आपण करू शकतो, असं त्याला वाटलं, आणि वाटून बरंही वाटलं.

होडी त्या जागी थांबली. मीटरवर चौदा होते. कुणी इंजिनाला हात लावला नाही, तरी तेरा झाले. केशरबाई कडेवरून वाकली होती आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात होता.

"वैनी, तळाचा आकडा चुकतोय," मैनुद्दीन म्हणाला. "मीटर बिघडलंय."

"तळ न्हाई मोजत ते," ती पाण्याकडेच बघत म्हणाली. "वर यायलाय त्यो. दमानं यायलाय."

बारा. अकरा. आश्रुबा मैनुद्दीनकडे बघत होता. दहा. नऊ झाले तेव्हा मैनुद्दीननं मीटरच्या मागं हात घालून पिन उपसली.

मीटर विझलं. केशरबाईनं मान वळवून त्या काळ्या काचेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. रागावली असती तर परवडलं असतं. तिनं हात पाण्यातून काढला, पदराला पुसला आणि म्हणाली, "चला मंग."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मैनुद्दीन दुकानात मीटर उघडून बसला. सेन्सर तिकडे होडीच्या पोटाशीच राहिला होता. इथं होती ती नुसती पेटी. पण बिघाड सापडल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. त्यानं एकेक सांधा भिंगाखाली पाहिला. सगळे धड होते. तेवढ्यात आश्रुबाचा फोन आला.

"पुतळा पेटवला, भाई," तो म्हणाला. "लई रडायलीय. इतक्या दिसांत पैल्यांदाच रडली बगा. मोकळी झाली. तुमचे उपकार हायेत."

फोनमधून केशरबाईचा हंबरडा ऐकू येत होता. ऐकता ऐकता मैनुद्दीननं दुसऱ्या हातानं मीटरला बॅटरी जोडली. सेन्सर नसताना काचेवर नुसत्या रेघा यायला हव्या होत्या.

नऊ आले.

आकडा तिथंच थांबला होता, कुणी हात वर करून थांबावं तसा.

"भाई? ऐकायलाव ना?"

तिकडे ती माउली रडत होती, आणि इकडे काचेवर दहा झाले. मग अकरा. मग बारा.