लोकर ल्यालेली खोली

लाकडाची असूनही मी मराठवाड्यात राहते, मित्रांनो, हेच माझ्या आयुष्यातले मोठे धाडस. मी एक जुनी लाकडी खोली आहे. ओंडक्यांच्या भिंती, फळ्यांची जमीन, वर पत्रा. शहागडजवळच्या एका ढाबेवाल्याने कॅलेंडरवरच्या बर्फातल्या घराचे चित्र पाहिले आणि तसेच घर हमरस्त्याच्या कडेला बांधले. चित्रात बर्फ होते. इथे चैत्र होता. गिऱ्हाईक माझ्यापाशी उभे राहून फोटो काढी, कौतुक करी आणि जेवायला कडुलिंबाखाली जाऊन बसे. दोन वर्षांनी माझ्यात कांदे भरले. ते उकाड्याने सडले. मग मला कोणी विचारीना.

एक दिवस मल्हारी नावाचे मेंढपाळ आले आणि एका बोकडाच्या बदल्यात मला घेऊन गेले. ओंडके सुटे करून ट्रॅक्टरमधून घनसावंगीकडे नेले आणि एका मोसंबीच्या बागेच्या कडेला दगडांवर पुन्हा उभे केले. मी त्यांच्या थोरल्या वहिनीसाठी होते. त्यांचे नाव जयवंताबाई. जन्मभर त्या मेंढरांमागे हिंडल्या, दर मुक्कामाला पाल ठोकून राहिल्या. दाराला कडी लावायची सवय त्यांना साठीनंतर लागली. पहिल्या दिवशी त्यांनी उगीचच चारपाच वेळा कडी लावली आणि काढली.

पण मी तापायची ती तापायचीच. दुपारी पत्र्याखाली भाकरी ठेवली तर पापड होई आणि थंडीत फळ्यांच्या फटींतून वारे येई. जयवंताबाईंचा मुलगा गोरक्षनाथ जालन्याला कारखान्यात कामाला. तो म्हणाला, "माय, चल माझ्याकडं. इथं भाजून मरशील."

"मेंढरं कोण पाहीन?"

"काका हायेत ना."

"त्यांना कोण पाहीन?"

हे ऐकून मल्हारींनी दुसऱ्याच दिवशी अंकुशनगरच्या साखर कारखान्यातून उसाचा भुसा आणला. चरकातून निघालेला, हलका, कोरडा. तो त्यांनी माझ्या छताखाली भरला, फळ्यांखाली भरला. मला बरे वाटले. मात्र उसातला सगळा गोडवा कारखान्याने घेतलेला नसतो, हे तालुक्यातल्या मुंग्यांना ठाऊक होते. आठवडाभरात त्या सहकुटुंब आल्या. छतातून जयवंताबाईंच्या ताटात पडू लागल्या.

गोरक्षनाथने पुन्हा विषय काढला. जयवंताबाई अंग झाडत म्हणाल्या, "मुंग्यांनी हाकलली म्हनून आली, असं सांगशील का पाव्हन्यारावळ्यांत?"

शेवटी ठरले ते असे. वैशाखात तो येईल आणि भर दुपारपासून मेंढरे परतेपर्यंत आईसोबत माझ्यात बसेल. "म्या उकाड्यानं उठलो, तं तू बी उठायचं. गाठोडं घेऊन."

"चालंल," त्या म्हणाल्या.

भुसा उपसून टाकला. मेंढरांची कातरणी नुकतीच झाली होती आणि लोकर बांधावर पडून होती. हल्ली ती कोणी नेत नाही. मेंढरू ऊन, वारा, पाऊस सगळे अंगावर घेते ते त्याच लोकरीच्या जोरावर. पण ही गोष्ट जन्मभर मेंढरांत राहूनही दीर-भावजयीच्या ध्यानात आली नव्हती. रोज दिसते ते दिसत नाही, मित्रांनो. जयवंताबाईंनी लोकर रिठ्याच्या पाण्यात धुतली, वाळवली, पिंजली. शेजारच्या साळूबाई मदतीला बसल्या आणि विचारत्या झाल्या, "का वं, घराला स्वेटर घालू राह्यली का?"

"पाय असते तं मोजेबी घातले असते."

मल्हारींनी एकेक फळी उचलली, खाली जाळी ठोकली, कीड लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला पसरला आणि लोकर भरली. ते पायाने दाबू लागले तशा जयवंताबाई ओरडल्या, "दाबू नका भाऊजी. तिला दम घेऊ द्या." वर पत्र्यापासून वीतभर जागा सोडून तसाच थर दिला आणि खालून फळ्या मारल्या. तेव्हापासून कळपातला एडका रोज सांजेला माझ्या भिंतीला नाक लावून उभा राहतो. त्याला मी नात्यातली वाटते.

वैशाखात गोरक्षनाथ आला, हातात रिकामी पिशवी घेऊन. आईचे सामान न्यायला. भिंतीला टेकून, खांद्यावर टॉवेल टाकून बसला. बाहेर मोसंबीची पाने वळली होती. मी काही थंडगार झाले नव्हते, खोटे कशाला सांगू. पण आतली हवा माणसाला सोसेल अशी होती. त्याने एकदा कपाळ पुसले. मग टॉवेल उशाला घेतला. मग घोरू लागला.

ऊन कलले तेव्हा मल्हारी चहा घेऊन दारात आले. "उठवू का याला?"

"नका," जयवंताबाई हळूच म्हणाल्या. "उठला तं मला जावं लागंल."

सांजेला मेंढरे परतली, तेव्हाच तो जागा झाला. त्याने वरच्या फळीला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "माय, लोकर उरली का गं? माझ्या खोलीवरबी पत्राच हाये."

पिशवी भरूनच गेली.

माझे मागणे फार नाही, मित्रांनो. पावसाळ्याआधी कोणीतरी वर चढून पत्र्याचे खिळे तपासा. लोकर ओली झाली तर कुजेल, आणि मग मला काही होवो न होवो, आतल्या माणसाला गाठोडे बांधावे लागेल. यंदा मल्हारी चढले होते. शिडी जयवंताबाईंनी धरली होती.