दादाचा फोकस

"ताई, ही लेन्स लावली तर थेरगावातून सांगवीतला मुलगा दिसेल का?"

नेहाने एका दमात विचारून टाकलं आणि भाजीचा भाव विचारल्यासारखी काउंटरवर कोपरं टेकवून उभी राहिली. मागे वर्षालीने रुपालीच्या दप्तरात तोंड खुपसलं. 'विचारून दाखव, पाणीपुरी माझ्याकडून' अशी पैज शाळेच्या गेटपासून लागली होती.

सुमनताई एका चष्म्याच्या काडीचा स्क्रू पिळत होत्या. तो पुरता बसल्यावरच त्यांनी वर पाहिलं.

"दिसेल की. पण उलटा. डोकं खाली, पाय वर."

"त्या सांगवीच्या कुलदीपला तसंच टांगायला हवं," वर्षाली म्हणाली आणि तिघी हसत सुटल्या.

सगळ्यात मोठ्याने हसली ती नेहा. अलीकडे तिला हे जमायला लागलं होतं. नववीत हजेरी देतानाही जिचा आवाज घशात अडकायचा, ती पोरगी यंदा वक्तृत्वाची ढाल घेऊन आली. बाई म्हणाल्या, कशी खुललीय बघा! आता घरातली दोन माणसं बोलायचीच थांबली, तर तिसऱ्याने काय करायचं? नेहा बोलत राहिली, तिघांच्या वाटचं. हसूही तसंच. तोंडातून निघायचं, आत कुठे पोचायचं नाही. दाताचा डॉक्टर इंजेक्शन देतो तेव्हा गाल आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं काहीतरी.

चष्म्याच्या दुकानात वरच्या फळीवर दुर्बिणीचं सामान होतं. सुमनताईंनी स्टुलावर चढून दोन डब्या काढल्या.

"बार्लो म्हणालीस ना? ही नळी आधी बसवायची आणि तिच्यात आयपीस, डोळा लावायचं भिंग. ही दुप्पट करते, ही तिप्पट."

"तिप्पटच घे गं," रुपाली म्हणाली. "घ्यायचीय तर मोठीच घे."

"मिसळीची तर्री आहे का ती, जास्त मागायला?" सुमनताई म्हणाल्या. "ही स्वतःचं काही घालत नाही. जे असेल तेच वाढवते. दुर्बीण हलत असेल तर हलणं वाढवणार, धूसर असेल तर धूसर वाढवणार. आत्ता चंद्र कसा दिसतो तुला?"

"चहात पडलेल्या बिस्किटासारखा. कडाच नाहीत."

"मग नॉब फिरवून फोकस लाव की."

"लावलेला आहे. दादाने."

"त्याला चष्मा?"

"जाड. पण दुर्बिणीतून बघताना काढून ठेवायचा."

"घ्या!" सुमनताई हसल्या. "अगं, त्याच्या डोळ्याला लावलेला फोकस तुझ्या डोळ्याला कसा चालेल? कुणालाच नाही चालायचा. आणि बार्लो बसवली की तो नव्याने लावावाच लागतो. दादालाच घेऊन ये एकदा, मी दाखवते त्याला."

वर्षालीचं हसणं मधेच विझलं. रुपाली एकदम भिंतीवरच्या फ्रेमा निरखायला लागली.

"दादा बिझी असतो," नेहा त्याच आवाजात म्हणाली. "दुप्पटवाली द्या. त्याला तीच घ्यायची होती."

पाणीपुरी तिने सगळी संपवली. तिखट होती म्हणे. वर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

बुद्धरत्न, तिचा दादा, चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी होता. गेल्या वर्षी सेकंड शिफ्ट करून बाईकवर निघाला, तो मधे रस्त्यातच गेला. टिफिन घरी आला, हेल्मेट आलं, चष्मा मात्र कुणाला सापडला नाही. आदल्या दिवशी त्याला सुट्टी होती; संध्याकाळी त्याने गॅलरीत उभं राहून चंद्र बघितला होता आणि नॉब अगदी नखभर मागेपुढे करत म्हणाला होता, "आता बघा, एकदम कडक." तेव्हा कुणी उठलं नाही. आई पोळ्या लाटत होती, पप्पा बातम्या बघत होते, नेहाचा दुसऱ्या दिवशी पेपर होता.

नंतर घरी परित्राण पाठ झाला. भंतेजींनी रक्षणासाठी मनगटाला बांधायला दिलेला पांढरा दोरा आईने त्या नॉबला बांधला. घट्ट, दोन गाठी मारून. तेव्हापासून दुर्बीण पुसायची ती नॉब सोडून. पौर्णिमेला पांढरे कपडे घालून वंदना झाली, खीर झाली, की पप्पा नळी चंद्राकडे वळवायचे आणि तिघं पाळीपाळीने बघायचे.

"छान दिसतोय," पप्पा म्हणायचे.

"छान," आई म्हणायची.

"मस्त!" नेहा म्हणायची. तिला वाटायचं, आपल्यालाच नीट बघता येत नाही.

आजही पौर्णिमा होती. सकाळी कंपनीची बस पकडायला निघालेले पप्पा, साहेबराव, दारातून परत फिरून म्हणाले होते, "ती लेन्स घेऊन ये, बाळा. त्याला हवी होती ती."

संध्याकाळी समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवरून चंद्र वर आला. पप्पांनी नॉबला धक्का न लावता आयपीस काढलं, बार्लो बसवली, त्यात परत आयपीस घातलं. त्यांनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"वा," ते म्हणाले. "केवढा मोठा दिसतोय."

मग आई, कस्तुराबाई, वाकली. तिने पदर खोचला, एक डोळा मिटला.

"खड्डेसुद्धा दिसतायत," ती म्हणाली. "बघ गं, नेहा."

नेहाने बघितलं. आत चंद्र नव्हताच. अंघोळीच्या वाफेने भरलेल्या आरशासारखं नुसतं पांढरं. खड्डे नव्हते, कडा नव्हत्या, काही नव्हतं. 'मस्त' हा शब्द जिभेवर तयारच होता. डोळा न हलवता ती तशीच थांबली. मागे आई-पप्पा दोघंही उभे होते, ती काय म्हणते ते ऐकायला.

दाताचं इंजेक्शन उतरताना गालात आधी मुंग्या येतात, मग दुखायला लागतं. आयपीसच्या रबराला टेकलेल्या तिच्या गालात आता तशाच मुंग्या आल्या.

ती सरळ उभी राहिली. आवाज वक्तृत्वाचा निघाला नाही, नववीतला निघाला.

"पप्पा, मला काहीच दिसत नाही. तुम्हालाही दिसत नाही."

नेहाने उजवा हात आईसमोर धरला.

"आई, तो दोरा सोड आणि माझ्या मनगटाला बांध. मी फोकस फिरवणार आहे."