न हललेला काटा

मित्रांनो, माझ्या पुढच्या चाकाच्या जागी आज विटांचा ढीग आहे. मी दोन आसनांचे जुने विमान आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या आतल्या भागात, गुरांच्या कुरणांमधल्या एका छोट्या फ्लाइंग क्लबात मी एकतीस वर्षे मुलांना उडायला शिकवले.

माझ्या डाव्या पंखाखाली एक बारीक नळी आहे. तिच्यात शिरणाऱ्या हवेमुळे वेगाचा काटा हलतो. आमच्याकडे उन्हाळ्यात कुंभारीण माशी अशी भोके शोधत फिरते आणि चिखलाने बुजवून टाकते. म्हणून इंजिन थांबले की नळीवर टोपी चढवायची, हा क्लबाचा रिवाज.

एकोणीस वर्षांची ब्रायनी त्या दिवशी दुसऱ्यांदा एकटी उडणार होती. परवाना मिळाला की वडिलांच्या कुरणावर विमानातून गुरे वळवायची, एवढेच तिला हवे होते. सकाळचा सराव संपवून ती टोपी घेऊन उतरली, तेव्हा तिचे शिक्षक डेस चहाला निघाले होते.

"राहू दे गं. वीस मिनिटांत तर निघायचंय."

"तुम्हीच म्हणता ना, इंजिन बंद की टोपी वर?"

"मी बरंच काही म्हणतो. माझी बायको त्यातलं काही ऐकत नाही. चल, चहा गार होतोय."

ती हसली आणि टोपी आसनावर टाकून गेली. माशीला तेवढा वेळ पुरला.

परत आल्यावर ब्रायनीने माझ्याभोवती फेरी मारली, पण सकाळी तपासलेली नळी पुन्हा वाकून पाहिली नाही. धावपट्टीवर मी जोर धरला. काटा शून्यावरच होता. आता हलेल, मग हलेल, म्हणून ती पाहत राहिली आणि मी जमीन सोडली. आपण किती वेगात आहोत हे तिला कळेना. घाबरून तिने इंजिनाचा जोर काढून घेतला. मी आदळलो, कुंपण तोडले आणि नाल्यात नाकावर पडलो.

तिच्या मांडीचे हाड मोडले होते. पेट्रोल ठिबकत होते. डेसनी तिला ओढून बाहेर काढले.

"काटा हललाच नाही," ती म्हणाली. "मी थांबायला हवं होतं."

डेसनी नळीत काडी घातली. टोकाला ओली माती आली. ती काडी त्यांनी तिच्यापुढे धरली.

"थांबायला हवं होतंस, हे खरं. पण ही माती माझी आहे, पोरी."

ब्रायनी पुन्हा उडेल का, हे डॉक्टरांनी अजून सांगितलेले नाही. डेस प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला माझ्यापाशी आणतात आणि सगळे सांगतात, स्वतःचे नाव न वगळता.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असे मी म्हणत नाही. एवढेच मागतो, की मनात शंका आली तर पुढे धावपट्टी शिल्लक आहे तोवरच थांबा. लोक हसले तर हसू द्या.