मुशीला भीती शिकवताना

अमावास्येला चार दिवस उरले होते, आणि मुशी अजून घमेल्याच्या आवाजाला येत होती.

पेणच्या खाडीकाठी मिठागराचं पाणी साठवायचं तळं होतं. दिवाळीनंतरच्या उधाणात, उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्या वर असताना, खाडीच्या पाण्यासोबत ती आत आली. वीतभर. शार्कचं पोर. फळ्या पडल्या, ती आतच राहिली. मिठागरावर कामाला असलेल्या इंदुबाईने तिला पाहिलं, आणि मासळीची डोकी टाकताना दगडाने घमेलं तीनदा ठोकलं. मग रोजच तीनदा. वर ओठांतल्या ओठांत:

पहिला माझा घास, खाडीच्या गं पान्याला
दुसरा माझा घास, माहेरी आल्या मुक्या लेकीला

चैतापर्यंत मुशी हातभर झाली. धाटावच्या कंपनीतले हैबतराव रविवारी लेकीला, वैशालीला, स्कूटरवरून आणू लागले. मग त्यांचे शिफ्टवालेही आले, शार्क बघायला म्हणून. कुणी वडा टाकी, कुणी कोंबडीचं आतडं. स्कूटरच्या किल्लीने घमेलं वाजवलं तरी मुशी येई, आणि उथळ काठाशी पाठ उघडी टाकून थांबे. इंदुबाईला त्याचं कौतुकच होतं.

ते कौतुक जगनने उतरवलं. जगन तिच्या भावाचा मुलगा, होडीवाला.

"ऊन वाढलंय, आत्या. तळं खारटून चाललंय. ही हितं मरल."

"अमावास्येला सोडते. उघाडी उघडनार हायेत."

"सोड ना. मी बाहेर होडी घेऊन बसतो, होडीची फळी तीनदा ठोकतो. जालं पन नको. आपल्या पायानं येल."

"पाय कुठं रे तिला?"

"तेच तर." तो हसला, मग बायकोच्या आठवणीने हसू आवरलं. "शकू बाळंत झालीय, आत्या. अंगावर दूध नाय. मुशीचं कालवण दे म्हनतात सगली. मी नाय धरली तर दुसरा धरल. खाडीत मासं धरताना फळी कोन वाजवत नाय?"

इंदुबाईच्या हातातलं मासळीचं डोकं पाण्यात पडलं, तेही घमेलं ठोकल्याशिवाय. जीव लावता लावता आपण हिची भीती काढून घेतली. आता ती कुठून परत आणायची?

दुसऱ्या दिवशी तिने घमेलं ठोकलं. मुशी आली. इंदुबाईने बांबू उचलला आणि तिच्याशेजारी पाण्यावर आपटला. मुशी वळली, चक्कर मारली, परत आली. पुन्हा ठोकलं, पुन्हा आपटला. ती पुन्हा आली, जरा लांब थांबली. संध्याकाळी मात्र ती बोलावल्यासारखी थेट काठाला. दिवसाचं शिकलेलं पोटाच्या भुकेने पुसून टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी रविवार. हैबतराव आले, पिशवीत कोंबडी.

"आज काय घालू नका," इंदुबाई आडवी उभी राहिली.

"का गो मावशी? आम्ही काय मारतो का तिला? जीव लावतो."

"व्हय, जीवच लावताव. तोच जायाचा तिचा."

वैशाली म्हणाली, "बाबा, पण तिला भूक लागली असेल ना?"

भूक लागलीच होती. इंदुबाई दोन दिवस स्वतःही नीट जेवली नव्हती. पिशवी तशीच परत गेली. घमेल्याशी मुशी बराच वेळ घोटाळत राहिली.

अमावास्येच्या दुपारी खाडी बांधाला टेकली. ओहोटी लागताच उघाडीच्या फळ्या उचलल्या, आणि तळ्याचं पाणी घोंघावत बाहेर निघालं. मुशी उघाडीच्या तोंडाशी दोनदा माघारी फिरली. तिसऱ्यांदा ओढीने तिला नेलं.

समोर जगनची होडी उभी होती.

ठक. ठक. ठक.

इंदुबाई बांधावरून गुडघाभर चिखलात उतरली. गढूळ पाण्यात एक काळी रेघ वळली. होडीकडे. ठरवायला वेळ नव्हता. तिने दोन्ही हातांनी बांबू हाणला, पाण्यावर नाही, त्या रेघेवर. शेपटी एकदा वर आली. पाणी ढवळलं आणि मिटलं.

जगनचा हात फळीवरच राहिला. "आत्या, लय जोरात लागला गो."

"लागायलाच मारला. वाजव."

"काय?"

"वाजव फळी."

त्याने वाजवली. पाणी होतं तसंच.

"अजून एकदा."

ठक. ठक. ठक. काही आलं नाही. जगनने फळी खाली ठेवली. "शकूला पेणच्या बाजारात बघतो काय मिलतं ते," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

इंदुबाई चिखलातून निघाली नाही. ओहोटी गुडघ्याखाली गेली, घोट्याला आली. बांबूचं टोक तिने हाताने चाचपलं, वास घेतला, काही कळेना.

"जगन," ती म्हणाली, "कुठं लागला रे? डोल्याला तर नाय ना लागला?"

"दिसलं नाय, आत्या."