गाडीला हात कोण लावतं?

कल्पेशने पोट आत ओढलं आणि पुढच्या-मागच्या सीटमधल्या फटीत स्वतःला कोंबलं. माणसाला लपायला जागा पुरेशी होती, फक्त तो माणूस कल्पेश नसायला हवा होता. काच बोटभर खाली ठेवून त्याने रिमोट दाबला. गाडी ‘टुक’ करून लॉक झाली. आता हलायचं नाही. आजच्यापुरता सेन्सर इतका नाजूक करायचा की साध्या शिंकेनेही भोंगा वाजावा, असं त्याने ठरवलं होतं. पण सेन्सरचा स्क्रू फिरवायचाच राहिला होता. मग फक्त जोरात शिंकायचं नाही, एवढंच.

माणिकपूरला कल्पेशचं गाड्यांच्या सामानाचं दुकान. सीट कव्हरपेक्षा हल्ली चोर-अलार्मच जास्त खपायचे. गाडीला कोणी धक्का दिला की जागेवर भोंगा वाजणार आणि मालकाच्या मोबाईलवर मेसेज जाणार, मग मालक जगात कुठेही असो. ह्या गाडीचा मालक केल्विन कतारला होता. नाताळात येऊन त्याने गाडी घेतली, फादरनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं, आरशाला रोझरी अडकवली, आणि सुट्टी संपल्यावर तो निघून गेला. तेव्हापासून गाडी उमेळे गावातल्या ह्या अंगणात उभी होती. राखणीला त्याची आई रोझलीन. तिला गाडी चालवता येत नव्हती.

पण गाडी दर एक-दोन दिवसांनी, बरोबर दुपारी, बोंबलायची. मागच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीने गॅलरीतून पोलिसांची धमकीसुद्धा दिली होती. महिन्यापूर्वी कल्पेशने सेन्सर कडक केला. मांजर चढलं, कावळा बसला तरी वाजू नये इतका. तरी वाजतच राहिली. वर दारावर पोचे यायला लागले. चोर म्हणावं तर हा कसला चोर? भरदुपारी येतो, गाडीला बुकलतो आणि काही न नेता जातो! असा माणूस एकदा बघायलाच हवा. कल्पेशचा संशय सेक्रेटरीवर होता. त्याला रंगेहाथ पकडून ‘भॉक्’ करायचं, ह्या कल्पनेनेच त्याला सकाळपासून गुदगुल्या होत होत्या.

सकाळी त्याने रोझलीनला सांगितलं होतं, “मावशी, आज कारण नाही ना सापडलं, तर यंत्रच काढून टाकतो. कटकट संपली.”

रोझलीन बोंबील साफ करत होती. तिचा हात थांबला.

“काढूनच टाकनार?”

“मग काय करू? शेजारी शिव्या घालतायत.”

तिने हातातला बोंबील तसाच पातेल्यात टाकला. नंतर कल्पेश “येतो हां मावशी!” असं मोठ्याने ओरडला, फाटक आपटलं, आणि केळीच्या बागेतून वाकत-वाकत परत येऊन गाडीत शिरला.

आता कपाळावरचा घाम नाकात चालला होता. तेवढ्यात चपलांचा आवाज आला. कल्पेशने एक डोळा काचेला लावला.

रोझलीन होती. गाउनवर नॅपकिन, केस नुकतेच विंचरलेले. तिने आधी बिल्डिंगकडे पाहिलं, मग फाटकाकडे. घराच्या पायरीवरून तिने आंबे काढायचा झेला उचलला. जाळी वर, बांबू खाली. नॅपकिनने गाडीचं दार मायेने पुसलं. मग एक पाऊल मागे सरकून बांबूचा ठोसा हाणला.

काही झालं नाही.

“मेलं,” ती पुटपुटली. दुसरा ठोसा. खांदा चोळला. तिसरा मात्र असा बसला की आत कल्पेशचे दात वाजले आणि भोंगा कोकलायला लागला.

झेला भिंतीला टेकवून ती पायरीवर बसली. मोबाईल मांडीवर, नजर मोबाईलवर. भोंगा आपोआप बंद झाला, केल्विनने तिकडून बंद केला असणार. लगेच रिंग वाजली. तिने केसांवरून हात फिरवून मोबाईल समोर धरला.

“हां केल्विन! नाय रे, मांजर असेल. गाडी ठीक आहे, बघ. जेवला? काय जेवला? परत अंडी? भात कोन करतो तिथे? जॅक्सनच्या पोरीचं लग्न जमलं, सांगायचंच राहिलं...”

कल्पेश ऐकत राहिला. तिचं बोलणं लग्नावरून विहिरीच्या पंपावर आलं, पंपावरून केल्विनच्या खोकल्यावर. घाम नाकात पोहोचला. कल्पेशने नाक दाबलं, ओठ दाबले. शेवटी शिंक आलीच, आणि ती अशी की डोकं दारावर आपटलं.

भोंगा वाजला.

“अरे देवा! हा तर खरंच वाजला!” रोझलीन ओरडली. “केल्विन, गाडीत कोनतरी हाय!”

कल्पेश हात वर करून बाहेर आला. तिने त्याला पाहिलं, झेल्याकडे पाहिलं आणि मोबाईलमध्ये म्हणाली, “नाय नाय, मांजरच. ठेवते मी.”

रिमोटने कल्पेशने भोंगा बंद केला. हसू दाबायला त्याला पुन्हा नाक धरावं लागलं.

“मावशी, तुम्ही सरळ फोन करा ना पोराला.”

“सहज केला की घाबरतो. म्हनतो, कोन वारलं? मग कामाचं बोलतो आनि ठेवतो.” ती नॅपकिनची घडी घालत राहिली. “आता काढशील ना ते?”

कल्पेशने उत्तर द्यायच्या आत त्याचाच मोबाईल वाजला. केल्विन. कल्पेश बोलत-बोलत विहिरीपर्यंत गेला.

“सापडलं काही, कल्पेशभाई?”

“मांजर आहे. चांगलं जाडजूड. मी बंदोबस्त करतो, पण यंत्र काढायची गरज नाही.”

“काढायचं नाहीच आहे. उलट सेन्सर परत हलका करा, हेच सांगायचं होतं.”

“हलका?”

“मी सहज फोन केला की मम्मी म्हणते, ठीक आहे, तू दमला असशील, झोप. गाडीचं निघालं की बोलत बसते.” पलीकडे कोणीतरी त्याला हाक मारली. तो घाईने म्हणाला, “आंबे कधीच संपले ना? तरी व्हिडिओत तिच्यामागे झेला उभाच असतो. जड आहे तो. खांदा दुखतो तिचा.”

कल्पेश परत आला. डॅशबोर्डखाली वाकून त्याने आधी भोंग्याची वायर काढली. केल्विनला मेसेज जाणारी तशीच ठेवली. मग स्क्रू उलटा फिरवत नेला, अगदी शेवटपर्यंत. बाहेर येऊन बोनेटवर एका बोटाने टकटक केली. अंगणात काहीच वाजलं नाही. पायरीवर ठेवलेला रोझलीनचा मोबाईल तेवढा वाजला, केल्विनचा फोन.

रोझलीनने बोनेटकडे पाहिलं, मग त्याच्या बोटाकडे.

“काय म्हनाला तो तुला?”

“म्हणाला, मांजराला जपा.”